जखमेवरचा फेस आणि रक्तातले लोह

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोरगा दहा वर्षांचा, सायकलवरून पडून गुडघा सोललेला. जखम फार मोठी नव्हती, पण पाच दिवस होऊनही भरत नव्हती. कडा पांढरट झालेल्या, आतला भाग ओलसर. "काय लावता?" असे विचारल्यावर आजोबांनी पिशवीतून एक तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. हायड्रोजन पेरॉक्साइड.

"दिवसातून तीन वेळा न चुकता घालतो, डॉक्टर. पण अजून फेस येतोच आहे. फेस येतो म्हणजे आत सेप्टिक आहे ना? फेस थांबला की बंद करणार."

मी म्हटले, "आजोबा, फेस थांबेपर्यंत घालायचे ठरवलेत, तर पोराच्या पायात रक्त आहे तोवर घालावे लागेल."

हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. अंधेरीत नोकरी केली तेव्हा ऐकला, मुलुंडला दवाखाना थाटला तेव्हाही ऐकला, आणि आपल्या जिल्ह्यातही तो घरोघर विचारला जात असणार. म्हणून या आठवड्यात त्या फेसाविषयीच लिहितो. विषय वरवर किरकोळ वाटेल. पण ज्या क्रियेमुळे हा फेस येतो, तिच्याच जोरावर तुमच्या रक्तातली साखर मोजली जाते, आणि तीच क्रिया काबूत राहिली नाही तर माणसाची लघवी काळी होऊन त्याला रुग्णालयात भरती व्हावे लागते. हे दोन्ही मी पाहिले आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे पाणीच, फक्त त्यात प्राणवायूचा एक अणू जास्त असतो. हा जास्तीचा अणू फार काळ तिथे टिकत नाही, सुटायची संधीच शोधत असतो. फ्रान्समधील थेनार या रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली हा पदार्थ प्रथम तयार केला, आणि रक्तातल्या पदार्थाचा स्पर्श झाला की तो फसफसून फुटतो हेही त्याच्या ध्यानात आले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा सहा टक्के किंवा '२० व्हॉल्यूम' असे छापलेले असते. त्याचा अर्थ असा, की एक मिलिलिटर औषधातून सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू निघतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

रक्तात असे काय आहे की हा पदार्थ तिथे फुटतो? रक्ताचा लाल रंग हीम नावाच्या द्रव्यामुळे येतो. हीम म्हणजे कर्ब आणि नत्र यांच्या अणूंचे एक सपाट कडे आणि त्याच्या मधोमध लोहाचा एकच अणू, अंगठीत खडा बसवावा तसा. हे कडे प्रथिनाच्या कोंदणात बसलेले असते. कोंदण बदलले की हीमचे काम बदलते. हिमोग्लोबिनच्या कोंदणात ते प्राणवायू वाहून नेते. कॅटॅलेज नावाच्या विकराच्या कोंदणात तेच हीम हायड्रोजन पेरॉक्साइड फोडते. विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारे प्रथिन. कॅटॅलेज हे नाव १९०१ साली ऑस्कर लोव्ह याने दिले. याचा वेग विलक्षण आहे. कॅटॅलेजचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो. तांबड्या पेशींत हे विकर भरपूर असते, कातडीच्या आणि मांसाच्या पेशींतही असते. तेव्हा जखमेवर दिसणारा फेस म्हणजे फुटलेल्या पेशींतल्या कॅटॅलेजने सोडलेल्या प्राणवायूचे बुडबुडे. जंतू नसले तरी ते येणारच.

आता थोडे खोलात जाऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. पेरॉक्साइडचा रेणू लोहाजवळ आला की त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पाणी होऊन निघून जातो. दुसरा, म्हणजे प्राणवायूचा एकटा अणू, लोहाला घट्ट चिकटून राहतो. त्या क्षणी लोह आपल्या नेहमीच्या स्थितीत राहत नाही. त्याच्याकडून आणि भोवतीच्या कड्याकडून एकेक इलेक्ट्रॉन ओढला गेलेला असतो, आणि ते दोन्ही इलेक्ट्रॉन कोणाकडून तरी परत मिळवायला ते अधीर झालेले असते. शास्त्रज्ञ या मधल्या अवस्थेला 'कंपाउंड एक' म्हणतात. कॅटॅलेजमध्ये ही अवस्था क्षणार्धात संपते. पेरॉक्साइडचा दुसरा रेणू येतो, आपले इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः प्राणवायू होऊन बुडबुड्याच्या रूपाने बाहेर पडतो. लोह पुन्हा पहिल्यासारखे, पुढच्या रेणूसाठी तयार.

पेरॉक्सिडेज नावाचे दुसरे भावंड आहे. त्यातही हीमच असते, पण ते मधल्या अवस्थेतला हा जोर पेरॉक्साइडवर न वापरता दुसऱ्याच पदार्थावर वापरते. मुळ्याच्या कुळातल्या एका युरोपीय तिखट मुळात हे विकर भरपूर मिळते, आणि जगभरच्या प्रयोगशाळा तेच वापरतात. त्यात पेरॉक्साइड घातले की तपकिरी द्रव आधी हिरवा होतो, मग तांबडा होतो आणि शेवटी पूर्ववत तपकिरी होतो. हिरवा म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची उधारी, तांबडा म्हणजे एक फिटून एक बाकी. डोळ्यांनी बघून हिशेब लावता यावा, असे रसायनशास्त्रात फार थोडे असते.

कोंदण काढून टाकून नुसते हीमचे कडे घेतले तर काय होईल, हेही रसायनशास्त्रज्ञांनी करून पाहिले आहे. अमेरिकेत जॉन ग्रोव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अशाच कृत्रिम कड्यावर पेरॉक्साइडच्याच कुळातल्या एका आम्लाचा प्रयोग करून तो हिरवा पदार्थ पकडला. पण त्यासाठी द्रव अतिशय थंड ठेवावा लागला. कोंदणाविना ही मधली अवस्था टिकत नाही. प्रथिनाबाहेरच्या मोकळ्या हीमवर पेरॉक्साइडचा मारा होत राहिला, तर ते स्वतःचेच कडे तोडून टाकते आणि जवळपासच्या चरबीला व प्रथिनांनाही इजा करते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हीम असलेल्या प्रथिनांवर रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांचे शोधनिबंध माझ्यासारख्या एमबीबीएसला पूर्ण कळत नाहीत हे कबूल करतो. पण कोंदण सुटले तर काय होते, हे दवाखान्यात बसून मलाही पाहावे लागले आहे.

त्याआधी जपानमधली एक हकीकत सांगतो. १९४६ साली ओकायामा इथे ताकाहारा नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एका ११ वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया करीत होते. तिच्या तोंडातला भाग सडला होता. सडलेला भाग काढून त्यांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, आणि फेस आलाच नाही. उलट रक्त काळपट तपकिरी झाले. नर्सने चुकून सिल्व्हर नायट्रेटची बाटली दिली असावी, असे त्यांना आधी वाटले. बाटली बरोबर होती. मुलीच्या रक्तात कॅटॅलेजच नव्हते. पेरॉक्साइड फोडणारे कोणी नसल्यामुळे ते हिमोग्लोबिनवर तुटून पडले होते, आणि त्यातले लोह बिघडून रक्ताचा रंग गेला होता. हा दोष आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तोंडातले काही जंतू स्वतः पेरॉक्साइड तयार करतात, म्हणून अशा मुलांच्या हिरड्या सडतात. फेस न येणे हेच इथे आजाराचे लक्षण ठरले. आमच्या आजोबांच्या तर्काच्या अगदी उलट!

शरीर मात्र या क्रियेला नुसते घाबरून राहत नाही, तिच्याकडून कामही करून घेते. पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर मुद्दाम पेरॉक्साइड तयार करतात आणि हीम असलेल्या एका विकराच्या मदतीने मिठातल्या क्लोराइडपासून जंतुनाशक आम्ल बनवतात. पालिका ज्या ब्लीचिंग पावडरने पाणी शुद्ध करते, तिच्यातही हेच द्रव्य काम करते. ते विकर हिरवट असते, म्हणून पू आणि जुना कफ हिरवट दिसतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही असेच एक विकर वापरून आयोडीनचे संप्रेरक बनवते. थायरॉइडच्या रुग्णांनी आपल्या रिपोर्टवर 'अँटी टीपीओ' हे शब्द पाहिले असतील. त्यातले टीपीओ म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज.

रिपोर्टवरून आठवले. साखरेच्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरांत 'जीओडी-पीओडी' असे छापलेले असते. अनेक रुग्ण ते 'गॉड' असे वाचून हसतात. तो त्या तपासणीच्या पद्धतीचा खुलासा आहे. पहिले विकर रक्तातल्या ग्लुकोजपासून पेरॉक्साइड बनवते. दुसरे, म्हणजे आपले मुळ्याच्या कुळातले पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या जोरावर एक रंग तयार करते. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. यंत्र तो रंग मोजते. कोलेस्टेरॉल आणि युरिक ऍसिडही बऱ्याच प्रयोगशाळांत याच युक्तीने मोजतात, फक्त पहिले विकर बदलते.

या युक्तीत एक खोट आहे. व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन देण्यात फार उदार असते. रंगाच्या आधी तेच पुढे होऊन मधल्या अवस्थेतल्या लोहाची भूक भागवते, आणि रंग उमटतच नाही. लघवीतली साखर किंवा रक्त पट्टीवर तपासताना व्हिटॅमिन सी जास्त घेतलेले असेल, तर पट्टी 'नाही' सांगू शकते. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या काळात या गोळ्या लोक चण्याफुटाण्यासारख्या खात होते, आणि काहींची ती सवय अजून गेलेली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंचे हिमोग्लोबिन आठवर आले होते. लोहाच्या गोळीबरोबर व्हिटॅमिन सी घ्या म्हणजे लोह चांगले शोषले जाईल, असे मीच सांगितले होते. त्यांनी एकाऐवजी तीन-तीन गोळ्या सुरू केल्या. शौचातून नकळत रक्त जाते का, हे पाहायला मी तपासणी लिहिली. रिपोर्ट आला, रक्त नाही. या जुन्या पद्धतीच्या तपासणीत कागदावर नमुना घेऊन वर पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. नमुन्यात रक्त असले तर हिमोग्लोबिनच विकराची नक्कल करते आणि कागद निळा होतो. त्यांचा कागद निळा झाला नाही, कारण व्हिटॅमिन सी आड आले होते. तीन दिवस गोळ्या बंद करून पुन्हा तपासणी केली, तेव्हा कागद निळा झाला. पुढे दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्यात गाठ सापडली. शस्त्रक्रिया वेळेत झाली, बाई आज चांगल्या आहेत. पण पहिल्या रिपोर्टवर विसंबून मी आणखी सहा महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या असत्या, तर काय झाले असते याचा विचार मी आजही टाळतो. शौचातले रक्त शोधायची नवी तपासणी प्रतिपिंडांवर चालते, तिला व्हिटॅमिन सीची अडचण नाही. जुनी असेल तर आधी तीन दिवस या गोळ्या, मटण आणि कच्चा मुळा बंद ठेवावा. मटणात हीम आणि मुळ्यात पेरॉक्सिडेज असल्याने रक्त नसतानाही कागद निळा होऊ शकतो.

आता कोंदण सुटण्याची गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक तरुण थंडीतापाने आला. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. आमच्या उपनगरांत बांधकामांवर साठलेल्या पाण्यामुळे पावसाळ्यात हा मलेरिया नेहमीच असतो. यकृतात दडून राहिलेले जंतू मारण्यासाठी यात प्रायमाक्विन १४ दिवस देतात. मी ते दिले. ताप गेला. चौथ्या दिवशी त्याची आई धावत आली. पोराला काळ्या चहासारखी लघवी होत होती, डोळे पिवळे, चालताना धाप लागत होती. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात हलवले, रक्त चढवले, तो वाचला.

त्याच्या तांबड्या पेशींत 'जी-सिक्स-पीडी' हे विकर कमी होते. हे विकर पेशीतल्या पेरॉक्साइडविरुद्धच्या संरक्षणाला लागणारी रसद पुरवते. कॅटॅलेजलाही काम करत राहायला तीच रसद लागते. प्रायमाक्विनमुळे पेशीत पेरॉक्साइड वाढते. निरोगी पेशी ते निपटून टाकते. रसद नसलेल्या पेशीत ते हिमोग्लोबिनमधल्या लोहावर जाते, तिथे तीच मधली उग्र अवस्था तयार होते, पण तिला वळण लावणारे कोणी नसते. हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात, पेशी फुटते आणि सुटलेले हिमोग्लोबिन लघवीत उतरते. नंतर चौकशी केली तेव्हा त्याची आई म्हणाली, "याच्या मामालाही मलेरियाच्या गोळ्यांनी असेच झाले होते." हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामाची हकीकत विचारायची असते. मी विचारली नव्हती.

मुंबईत हा दोष शोधण्याचे काम जुने आहे. बक्सी, बालकृष्णन आणि संघवी या संशोधकांनी १९६१ साली मुंबईतल्या या दोषाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि १९६३ साली त्यांचा व सहकाऱ्यांचा पारशी समाजाविषयीचा अभ्यास आला. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतही यावर बरेच संशोधन झाले आहे. पारशी, सिंधी, वाटलिया प्रजापती आणि काही आदिवासी समाजांत हा दोष जास्त सापडतो, पण तो कोणत्याही घरात असू शकतो. प्रायमाक्विनच्या आधी ही रक्ततपासणी करून घ्यावी. पेशी फुटण्याचा झटका येऊन गेल्यावर लगेच तपासले तर नव्या पेशींमुळे रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. डॅप्सोनसारख्या आणखी काही औषधांनीही हाच त्रास होतो, म्हणून दोष ठाऊक असल्यास तसे कागदावर लिहून खिशात ठेवावे.

घरातली एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच पाळावी. तान्ह्या बाळाचे कपडे आणि दुपटी डांबराच्या गोळ्या घातलेल्या पेटीत ठेवू नयेत. दोष असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात, आणि बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. आजीच्या पेटीतले जुने दुपटे प्रेमाने काढले जाते, ते आधी धुऊन कडक उन्हात चांगले वाळवावे. परदेशी पुस्तकांत या रुग्णांनी 'फावा बीन' खाऊ नये असे असते, आणि मग कोणीतरी आपल्या डाळिंब्या बंद करतो. फावा म्हणजे बाकला. आपले वाल आणि पावटे निराळे.

आता पुन्हा जखमेकडे. पेरॉक्साइड जंतू मारते हे खरे, पण नव्याने भरून येणाऱ्या कोवळ्या पेशीही मारते. म्हणून पाच दिवस तीन वेळा घातल्यावर पोराचा गुडघा पांढरा पडला होता. मळलेल्या जखमेवर एकदा वापरले तर बुडबुड्यांबरोबर माती वर येते, चिकटलेली पट्टी त्याने सुटते, एवढाच त्याचा उपयोग. रोजच्या जखमेला नळाचे वाहते पाणी आणि साबण पुरे. कुत्रा चावला तर तेच १५ मिनिटे, आणि मग ताबडतोब लस.

खोल जखमेत मात्र हे औषध कधीच घालू नये. भांडुपच्या एका कामगाराच्या पोटरीत सळई घुसली होती, आणि तो सिरिंजने पेरॉक्साइड आत सोडायच्या बेतात होता. मघाचा आकडा आठवा. असे १० मिलिलिटर आत गेले तर सुमारे २०० मिलिलिटर वायू तयार होईल. बाहेर पडायला वाट नसेल तर तो शिरेत शिरून हृदयाकडे किंवा मेंदूकडे जाऊ शकतो. बंद जखमा याने धुताना माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पडदा फाटलेल्या कानातही घालू नये, आणि पोट साफ करायला म्हणून कोणी पाण्यात मिसळून प्यायला सांगितले तर त्याचे ऐकू नये.

आजोबांना त्या दिवशी हे सगळे सांगायला वेळ नव्हता, बाहेर रांग होती. पोराला धनुर्वाताची लस दिली, बाटली बंद करायला सांगितली. आजोबांचे समाधान झालेले दिसेना. तेव्हा म्हटले, "घरी जाऊन कच्चा बटाटा कापा आणि त्यावर चार थेंब टाका."

आठवड्याने दोघे आले. गुडघ्यावर कोरडी खपली धरली होती. आजोबा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, बटाट्यावर फेस आला हो! त्याला कुठले सेप्टिक? मग उकडलेल्यावर टाकून बघितले, त्यावर काहीच नाही." उष्णतेने प्रथिनाचे कोंदण मोडते आणि कॅटॅलेज निकामी होते, हे मी त्यांना समजावले. ते त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पटले. बाटली आता सूनबाईने शाळेच्या गणवेशावरचे रक्ताचे डाग काढायला घेतली आहे, असे जाता जाता सांगून गेले.